गिटार वाजवताना पाठ धरते? आधी बैठक नीट करा

गिटार शिकणारी मुले, त्यांचे पालक आणि नोकरी सांभाळून संध्याकाळी तासभर वाजवणारी मोठी माणसे ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. गिटार उजव्या मांडीवर ठेवायची की डाव्या? फूटस्टूल घ्यायलाच हवा का? गणपतीत सतरंजीवर बसून दोन तास साथ केली की कंबर धरते, त्यावर काय करायचे? दुखत असताना सराव चालू ठेवावा, की काही दिवस गिटार पिशवीत घालून ठेवावी?

यावर बहुतेकांना 'होईल सवय' एवढेच उत्तर मिळालेले असते. ते अर्धे खरे आहे. बोटांच्या टोकांना सवय होते, तिथे घट्टे पडतात आणि काही आठवड्यांत तारा टोचेनाशा होतात. पाठीला तसे घट्टे पडत नाहीत. वाकडी बैठक अंगवळणी पडली की दुखणे काही काळ गप्प बसते, पण पुढे वीस मिनिटांतच कंबर भरून येऊ लागते.

बसून वाजवताना होणाऱ्या पाठदुखीत एक गोष्ट जवळजवळ नेहमी सापडते. गिटार अंगाशी आणण्याऐवजी वाजवणारा स्वतः गिटारवर वाकलेला असतो. तुमचे तसे होते का, हे आजच तपासा. गिटार न घेता ताठ पण सैल बसा, खांदे खाली सोडा, दोन-तीन श्वास घ्या. मग घरातल्या कुणालातरी गिटार तुमच्या मांडीवर आणून द्यायला सांगा आणि बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला लावा. गिटार हातात आल्यावर तुमची हनुवटी पुढे गेली, डावा खांदा वर चढला किंवा कंबर मागे गोल झाली, तर दुखण्याचे मूळ सापडले. पुढची माहिती वाचताना हा व्हिडिओ जवळ ठेवा. (डावखुरे असाल तर डावे-उजवे उलटे वाचा.)

खुर्चीपासून सुरुवात करा

घरात सहज हाताशी असते ती हातांची प्लास्टिकची खुर्ची. गिटारला ती सर्वांत गैरसोयीची. तिच्या हातांमुळे गिटार मांडीवर नीट बसत नाही, म्हणून ती पुढे ढकलावी लागते. बैठकही मागे उतरती असल्याने कंबर आपोआप गोल होते. पलंग त्याहून वाईट, कारण गादी दबते आणि गुडघे कमरेच्या वर जातात. झोपाळ्यावर पायांना आणि कमरेला स्थिर आधार मिळत नाही, त्यामुळे तिथे एखादे गाणे वाजवायला हरकत नाही, पण सराव करू नका. चाकांची ऑफिसची खुर्ची हात काढता येत असतील आणि चाके अडवता येत असतील तरच घ्या.

चांगली खुर्ची बहुधा घरातच असते. जेवणाच्या टेबलाची बिनहाताची लाकडी खुर्ची किंवा सपाट, टणक स्टूल पुरतो. घेताना एवढे पाहा:

- दोन्ही तळवे पूर्ण जमिनीवर टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या पातळीत किंवा किंचित खाली असले पाहिजेत.
- पाय लोंबकळत असतील तर पायांखाली पाट ठेवा. मुलांच्या बाबतीत हे हमखास विसरले जाते.
- बैठकीच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. पाठ टेकायची असेल तर वाजवणे थांबवून टेका.
- बैठक मागे उतरती असेल तर मागच्या बाजूला चादरीची घडी ठेवून ती सपाट किंवा किंचित पुढे उतरती करा.

शेवटचा उपाय फुकट आहे आणि त्याचा गुण त्याच दिवशी कळतो. नवी खुर्ची किंवा उपकरण घेण्याआधी तो करून पाहा.

उजवी मांडी, डावी मांडी की पट्टा?

*उजवी मांडी.* बहुतेक जण असेच शिकतात, कारण त्याला काहीच लागत नाही. अडचण अशी की गिटारची नेक डावीकडे आणि खाली जाते. तिच्या मागे डावा खांदा जातो, खांद्यामागे धड वळते. मोठ्या पोटाची ड्रेडनॉट गिटार असेल तर तिच्यावरून हात टाकताना उजवा खांदाही वर उचलला जातो. अशी गिटार खालच्या भागात सुमारे 40 सेंटिमीटर रुंद आणि 12 सेंटिमीटर खोल असते. लहान चणीच्या माणसाला ती कवेत घेणे जड जाते. उजव्या मांडीवरच वाजवायचे असेल तर उजव्या पायाखाली जाड पुस्तकाएवढा ठोकळा ठेवा आणि हेडस्टॉक खांद्याच्या उंचीपर्यंत आणा.

एका पायावर दुसरा पाय टाकून बसण्याचा मोह अनेकांना होतो. पाको दे लुसिया हा थोर फ्लॅमेंको वादक तसाच बसत असे. पण त्या बैठकीत कंबर एका बाजूला कलते, म्हणून रोजच्या तासाभराच्या सरावासाठी ती उचलू नका.

*डावी मांडी आणि फूटस्टूल.* ही शास्त्रीय गिटारची रूढ बैठक. डावा पाय स्टुलावर, गिटारची कंबर डाव्या मांडीवर आणि नेक तिरकी वर. वाद्य शरीराच्या मध्यावर येत असल्याने धड वळत नाही, हा तिचा मोठा फायदा. ही पद्धत रूढ करण्यात फ्रान्सिस्को तार्रेगा या स्पॅनिश वादकाचा मोठा वाटा आहे. त्याच्याही आधी, 19व्या शतकाच्या पूर्वार्धात, दियोनिसिओ आग्वादो या वादकाने गिटार शरीरापासून मोकळी ठेवणारी तिपाई बनवली होती. म्हणजे बैठकीचा हा प्रश्न दोनशे वर्षे वादकांच्या मागे आहे आणि तो फक्त तुम्हालाच छळतो असे नाही.

फूटस्टूलची खोट अशी की एकच पाय उचललेला राहतो आणि ओटीपोटाची हाडे एका बाजूला कलतात. अर्धा तास काही जाणवत नाही, पण रोज दोन तास बसले की कमरेची एकच बाजू दुखू लागते. तुमचे दुखणे एकाच बाजूला असेल आणि तुम्ही फूटस्टूल वापरत असाल, तर आधी त्याच्याकडे बोट दाखवा. स्टूल सर्वांत खालच्या खाचेवर आणा. तरी फरक पडला नाही तर मांडीवर बसणारा गिटार-आधार किंवा टणक उशी घ्या, म्हणजे दोन्ही पाय जमिनीवर राहतात. रबरी चोषकांनी चिकटणारा आधार घेताना काळजी घ्या, कारण नाजूक पॉलिशवर त्याचे डाग उठतात. वाजवून झाले की तो काढून ठेवा. आधार विकत घेण्याआधी घट्ट गुंडाळलेला टॉवेल डाव्या मांडीवर ठेवून आठवडाभर वाजवून पाहा.

*पट्टा.* पट्टा उभे राहून वाजवणाऱ्यांसाठीच असतो, असा समज आहे. बसूनही तो लावा. गिटारचे वजन खांद्यावर जाते, नेक खाली पडत नाही आणि डाव्या हाताला ती तोलून धरावी लागत नाही. पट्ट्याची लांबी अशी ठेवा की बसल्यावर गिटार मांडीला जेमतेम टेकेल आणि उभे राहिल्यावरही त्याच उंचीवर राहील. पट्टा रुंद घ्या. बऱ्याच ॲकोस्टिक गिटारना मागच्या टोकाला एकच बटण असते. दुसरे बटण नेकच्या मुळाशी जाणकाराकडून बसवून घ्या, घरी ड्रिल लावू नका. तोवर पट्ट्याचे दुसरे टोक हेडस्टॉकला, तारांच्या खालून दोरीने बांधा.

माझे मत स्पष्ट आहे. कॉर्ड धरून गाणाऱ्यांनी पट्टा लावावा. शास्त्रीय रचना वाजवणाऱ्यांनी गिटार डाव्या मांडीवर, आधारावर ठेवावी. उजवी मांडी, तीही बिनआधाराची, थोड्या वेळाच्या वाजवण्यापुरतीच ठेवावी. ट्रिनिटीसारख्या संगीताच्या परीक्षेला बसत असाल तर केंद्रावर फूटस्टूल मिळेलच असे धरू नका. ज्या साधनावर सराव केला ते सोबत न्या.

तारा बघायला वाकू नका

नवशिक्याची मान दुखते ती बहुधा बघण्यामुळे. बोटे कुठे पडतात ते दिसावे म्हणून तो गिटारचा दर्शनी भाग स्वतःकडे आडवा करतो, त्यामुळे डावे मनगट मुडपते, आणि तरीही दिसत नाही म्हणून मान पुढे काढतो. गिटार उभीच ठेवा. नेकच्या वरच्या कडेला, तुमच्या डोळ्यांच्या बाजूने, लहान ठिपके असतात. ते साधारण 3, 5, 7, 9 आणि 12 व्या फ्रेटपाशी येतात. तेवढ्यावर नजर टाकली की जागा कळते. शास्त्रीय गिटारला ते नसतील तर 5 आणि 7 व्या फ्रेटपाशी कडेला पांढऱ्या रंगाचा बारीक ठिपका लावून घ्या.

मोबाइलवरून शिकत असाल तर तो मांडीवर किंवा पलंगावर ठेवू नका. डोळ्यांच्या उंचीवर, समोर हातभर अंतरावर ठेवा. गाण्यांची वही स्टँडवर लावा. स्टँड नसेल तर टेबलावर पुस्तकांची चळत करून तिला वही टेकवा.

पावसाळ्यात तारा उचलल्या की खांदा का दुखतो

ही गोष्ट कोकणातल्या वादकांनी नीट लक्षात घ्यावी, कारण बाहेरून आलेल्या शिकवण्यांत तिच्यावर फारसे कुणी बोलत नाही. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्याचे चार महिने हवा ओलीचिंब असते. गिटार बनवणारे 45 ते 55 टक्के आर्द्रता योग्य मानतात. आपल्याकडे पावसाळ्यात ती कितीतरी वर असते. लाकूड ओल धरते, ब्रिजच्या मागचा भाग फुगतो आणि तारा फ्रेटबोर्डपासून उचलल्या जातात. याला वादक ॲक्शन वाढणे म्हणतात. मग मे महिन्यात सहज वाजणारा एफ कॉर्ड ऑगस्टमध्ये जोर लावूनही घरघरतो. तुम्ही अंगठा दाबता, कोपर आत ओढता, खांदा वर उचलता आणि अख्खे अंग गिटारवर टाकता. पाठ दुखते, पण तिचे कारण तारांच्या उंचीत असते.

मोजायला साधी पट्टी पुरते. 12 व्या फ्रेटवर सर्वांत जाड तारेची उंची बघा. स्टीलच्या तारांच्या गिटारला 2.5 मिलिमीटरच्या आसपास ठीक, 3.5 च्या वर असेल तर जास्त. नायलॉनच्या तारांना 4 मिलिमीटरपर्यंत चालते. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावल्यावर कॉर्ड एकदम सोपे वाटले, तर वरच्या नटच्या खाचाही उंच आहेत असे समजा.

उपाय असे:

- गिटार भिंतीवर किंवा खिडकीपाशी टांगू नका. कडक केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि पुड्या वेळोवेळी बदला.
- ओल घालवण्यासाठी गिटार उन्हात ठेवू नका. सांधे सुटतात.
- तारा .012 च्या असतील तर .010 किंवा .011 च्या घाला. खाऱ्या हवेत तारा लवकर गंजतात, गंजलेली तार बोटांना अडखळवते, म्हणून इथे त्या जरा लवकर बदला.
- ट्रस रॉड स्वतः फिरवू नका. पावसाळ्यापूर्वी एकदा जाणकाराकडून सेटअप करून घ्या.
- तोवर सर्व तारा अर्धा स्वर उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा. ताण लगेच हलका होतो.

लहान मुलांसाठी गिटार घेताना 'पुढे मोठा होईल' या हिशेबाने मोठी घेऊ नका. दहा वर्षांच्या मुलाला 41 इंची गिटार दिली की तो तिच्या मागे लपतो आणि वाकडा बसायलाच शिकतो. बहुतेक मुलांना त्या वयात तीन-चतुर्थांश आकाराची, साधारण 36 इंची पुरते. दुकानात मुलाला बसवून बघा. उजवा हात गिटारवरून टाकल्यावर खांदा वर जात नसेल आणि डावा हात पहिल्या फ्रेटपर्यंत कोपर न ताणता पोहोचत असेल, तर तो आकार बरोबर.

सदोष गिटार घरी आली तर

ऑनलाइन मागवलेली गिटार वाकड्या नेकची किंवा वाजवणे अशक्य होईल इतक्या उंच तारांची निघाली, तर मुलाला 'वाजव तशीच' सांगू नका. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, सदोष किंवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसलेली वस्तू परत घेण्यास किंवा तिचे पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. खोके उघडतानाचा व्हिडिओ, पट्टी लावून घेतलेला फोटो आणि बिल जपून ठेवा. विक्रेत्याला लेखी कळवा. दाद मिळाली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019 च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, त्यासाठी विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे.

सतरंजीवर बसून साथ करताना

घरगुती मैफल, आरत्या, भजन, सगळीकडे बैठक जमिनीवर असते. पेटी आणि तबला समोर ठेवलेले असतात, गिटार मात्र अंगावर घ्यावी लागते. मांडी घातली की बहुतेकांचे गुडघे कमरेच्या वर राहतात, कंबर मागे कलते आणि त्यात गिटारचे पोट मांड्यांमध्ये अडकते. पं. ब्रिजभूषण काब्रा आणि पं. विश्वमोहन भट्ट यांनी जमिनीवर बसून गिटारवर रागसंगीत उभे केले. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या अल्बममधली गिटार काब्रांचीच. पण त्यांचे वाद्य मांडीवर आडवे असते आणि तारांवर पट्टी सरकवून वाजते. उभ्या धरलेल्या गिटारला तीच बैठक मानवत नाही.

म्हणून जमिनीवर बसायचेच असेल तर बुडाखाली चार-सहा इंच उंची घ्या. गोधडीची घट्ट घडी किंवा पाटावर उशी चालेल. गुडघे कमरेखाली आले पाहिजेत. पट्टा लावाच. गाण्यांच्या मध्ये एक पाय लांब करा, त्यात संकोच नको. शक्य असेल तर यजमानांकडे बुटका स्टूल मागा आणि कडेला बसा, तेवढी सोय कुणीही करून देते. महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात, युवा महोत्सवात किंवा रत्नागिरीच्या सावरकर नाट्यगृहाच्या मंचावर वाजवणार असाल तर आयोजकांना आदल्या दिवशीच सांगा की खुर्ची बिनहाताची हवी. ऐनवेळी हातांचीच मिळते. समुद्रकिनारी, भाट्याच्या वाळूत किंवा मांडवीच्या कठड्यावर बसून वाजवण्याचा आनंद जरूर घ्या, पण तासभराचा सराव तिथे नको.

वेळ आणि विश्रांती

चांगल्या बैठकीतही फार वेळ न हलता बसले की पाठ तक्रार करते. पंचवीस-तीस मिनिटांनी गजर लावा, गिटार खाली ठेवा, उभे राहा, दोन मिनिटे चाला. दोन्ही हात कमरेवर ठेवून हलके मागे झुका, खांदे मागे फिरवा. रोज मार्जारासन आणि भुजंगासन सावकाश केले तर कमरेला बरे पडते, पण एखाद्या आसनाने दुखणे वाढत किंवा पायात उतरत असेल तर ते सोडा. परीक्षा किंवा कार्यक्रम जवळ आला म्हणून सरावाचा वेळ एका आठवड्यात दुप्पट करू नका, बरीच दुखणी तिथेच सुरू होतात. गिटार पाठीवर घेऊन एसटीने किंवा दुचाकीने जाताना पिशवीचे दोन्ही पट्टे लावा.

दुखते आहे, आता काय?

वाजवताना येणारे आणि उठून चालल्यावर अर्ध्या तासात जाणारे दुखणे बैठकीचे असते. बैठक सुधारा, सराव निम्मा करा, पण पूर्ण बंद करू नका. दुखते म्हणून दिवसचे दिवस आडवे पडून राहिल्याने कंबर बरी होत नाही, हलके चालणे-फिरणे चालू ठेवावे. दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना किंवा भौतिकोपचार तज्ज्ञांना दाखवा आणि जाताना गिटार घेऊन जा. तुम्ही कसे बसता हे बघितल्याशिवाय कारण कळणे कठीण. तज्ज्ञांची महाराष्ट्राच्या भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारण्यात काही गैर नाही. साध्या कंबरदुखीत सुरुवातीलाच एमआरआय लागत नाही, तो का सांगितला ते विचारा. तपासण्यांच्या कागदांच्या प्रती मागून घ्या. कोल्हापूरला किंवा मुंबईला दुसरे मत घ्यायचे झाले तर त्याच उपयोगी पडतात.

उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची किंवा पाठ जोरात चोळून घेण्याची रीत आपल्याकडे आहे. पुढीलपैकी काहीही जाणवत असेल तर तसे मुळीच करू नका आणि डॉक्टरांकडे जा:

- दुखणे नितंबातून गुडघ्याखाली उतरते, पायाला मुंग्या येतात किंवा पाऊल उचलताना जोर लागत नाही.
- हाताची बोटे वाजवून झाल्यावरही बधिर राहतात किंवा हातातून वस्तू निसटतात.
- रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, सोबत ताप किंवा कारण नसताना वजन घटणे.
- पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे.

कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचे नियंत्रण गेले, लघवी अडली किंवा दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, तर ती तातडीची अवस्था आहे. त्यात मज्जातंतूंवर दाब आलेला असू शकतो आणि उशीर झाला तर नुकसान कायमचे राहते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, 108 वर फोन करा आणि त्याच रात्री रुग्णालयात पोहोचा.